मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, माप घेणारी. शिंप्याच्या गळ्यात दोन्ही बाजूंनी लोंबते ना, ती. माझा रंग पिवळा आहे, म्हणजे आता पिवळा म्हणायचा म्हणून म्हणायचा. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. मित्रांनो, खरं तर इथे 'होती' म्हणायला हवं. पण ते पुढे सांगेन. माप क्रमाने घ्यावं, गळ्यावरून एकदम कंबरेवर उडी मारू नये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मेणकापडाच्या लांबच लांब पट्ट्या रुळांखालून जायच्या आणि अंगभर आकडे घेऊन पलीकडे निघायच्या. रंग वाळला की एक चष्मेवाल्या बाई प्रत्येकीला लोखंडी पट्टीशेजारी झोपवून बघायच्या. सुताचा फरक निघाला की चालली ती टोपलीत! माझ्यात काही निघालं नाही. तेव्हापासून माझं नाक जरा वरच आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून मी पोटाचा घेर कमी सांगितला, असं एक तरी गिऱ्हाईक दाखवा. नाही सापडायचं.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. एका अरुंद रस्त्यावर खाली त्यांचं दुकान आणि वर घर, मध्ये उभा जिना. दुकानात कापायचं टेबल, पायाने चालवायचं मशीन, इस्त्री, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली ती कात्री. तिच्याशी माझं कधी जमलं नाही. मास्तर कापड कापायला लागले की मी गळ्यात अंग चोरून बसायची. मेणकापड कापायला तिला कितीसा वेळ लागणार, सांगा बरं!

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. मास्तर माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायचे, आणि पलीकडे काज-बटणं करत बसलेल्या काकू, म्हणजे मास्तरांच्या बायको, तो पाटीवर खडूने लिहून म्हणायच्या, "ऐकलं!" ते कानावर आल्याशिवाय मास्तर पुढचं माप घेत नसत.

"छाती अडतीस!"

"ऐकलं!"

"कंबर बेचाळीस!"

"ऐकलं!"

गिऱ्हाईक ओशाळून पोट आत ओढायचं. मास्तर म्हणायचे, "सोडा साहेब, पोट सोडा. श्वास रोखून किती वेळ हिंडाल?" मग सगळे हसायचे, गिऱ्हाईकसुद्धा. गल्लीच्या टोकाला राहणारे एक बँडवाले तर नवा कोट अंगावर चढवला की आरशासमोरून हलायचे नाहीत. "मास्तर, हा कोट आहे की माझी कातडी!" असं म्हणायचे. मास्तर कौतुक ऐकून खाली बघायचे. मी मात्र छाती काढून ऐकायची, कारण अर्धं श्रेय माझंच होतं.

दिवसभर मी मास्तरांच्या गळ्यात असायची. माझं डावं टोक त्यांच्या काळजाच्या अगदी शेजारी. बाहेर मशीनची टकटक आणि आत काळजाची धकधक. ती दोन्ही मला इतकी सवयीची झाली होती की त्यातली एक कधी बदलेल असं मनातही आलं नाही.

मग ती बदलली. मित्रांनो, असं काही एका दिवसात होत नाही. आधी जिना उंच झाला. म्हणजे जिना होता तेवढाच होता, पण मास्तर मध्येच थांबायला लागले आणि म्हणायला लागले, "कुणी बांधलाय हा जिना, देव जाणे!" मग संध्याकाळी पाय सुजायला लागले. "मशीनवर पाय मारत बसतो ना दिवसभर, सुजणारच." मग आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशीवर उशी आली. "पित्त झालंय." आणि सगळ्यावर शेवटचं उत्तर ठरलेलं, "वय झालं आता." प्रत्येक दुखण्याला मास्तरांकडे एकेक कारण तयार होतं, इस्त्री करून घडी घातलेलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त शिंपीच करू शकतो. पॅन्ट कंबरेत घट्ट व्हायला लागली. दुसरा कुणी असता तर चार लोकांत म्हणाला असता, "अरे, पॅन्ट होत नाही." घट्ट पॅन्ट निदान बोलते तरी! पण मास्तरांनी दुकान बंद झाल्यावर मला कंबरेभोवती गुंडाळलं, आकडा बघितला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. शिवण उसवली, आत दाबलेलं कापड सोडलं, पुन्हा शिवली. दुसऱ्या दिवशी पॅन्ट मस्त बसली. काही दिवसांनी पुन्हा उसवली. आतलं कापड संपलं तेव्हा मागे तिकोनी तुकडा लावला, असा बेमालूम की काकूंनाही कळला नाही. त्या उलट खूश! "अंग धरलंय हो तुम्ही. माझ्या हातचं लागतंय म्हणायचं."

अंग कसलं, पाणी भरत होतं पाणी! उभ्या आयुष्यात मास्तरांनी मोठ्याने न म्हटलेलं ते एकच माप होतं. मला तोंड असतं तर मी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं असतं. पण टेपचं काम आकडा दाखवायचं. तो वाचायचा कुणी आणि सांगायचा कुणी, ते माणसाच्या हातात.

एका दुपारी बँडवाल्यांच्या पॅन्टची उंची घ्यायला मास्तर खाली वाकले आणि वर येईनात. ओठ निळे पडले, श्वास घशातच अडकला. बँडवाल्यांनी त्यांना उचललं, काकू चपला न घालता धावल्या, आणि मीही गळ्यात होते तशी दवाखान्यात पोचले.

तिथे मास्तरांच्या अंगातलं पुष्कळ पाणी औषधाने बाहेर काढलं. श्वास मोकळा झाला. जाताजाता डॉक्टर म्हणाले, "हार्ट फेल्युअर आहे. गोळ्या नियमित घ्या, मीठ कमी करा." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. मास्तरांनी मान हलवली. मला मात्र आतली धकधक ऐकू येत होती. त्यांनी फक्त 'फेल' एवढंच ऐकलं होतं. म्हणजे बंद पडलं, संपलं. मग आपण अजून बसलोय कसे, बोलतोय कसे, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटत होती त्यांना.

घरी आल्यावर मला दाराच्या खुंटीवर टांगलं. माझ्यावर एक टॉवेल आला, मग एक सदरा. त्यातून जेवढं दिसत होतं तेवढं मी बघत होते, आणि मित्रांनो, ते बघवत नव्हतं. काकू मास्तरांच्या हातातला पाण्याचा पेला काढून घ्यायच्या. "राहू द्या, मी देते." चप्पल त्या घालायच्या, सदऱ्याची बटणं त्या लावायच्या. ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या सदऱ्यांना बटणं लावली, तो लहान मुलासारखा मान वर करून उभा राहायचा. आतून लाजेने मेल्यासारखं व्हायचं त्यांना. मग ते एकदम उखडायचे, "मी काय काचेचा आहे का?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांच्या लेकीने कामावरून आल्यावर हळूच विचारलं की, "बाबा, कसं वाटतंय?" तर, "बरंय." स्वयंपाकघरात मायलेकी बोलत असल्या की मास्तर आत जाताच बोलणं थांबायचं. त्यांना झोपायची भीती वाटत होती, काकूंना त्यांना जागं करायची भीती वाटत होती, आणि लेकीला दोघांची. तिघंही एकमेकांना सांभाळत होती आणि तिघंही एकटी पडली होती.

एके दिवशी मास्तरांनी दुकानाची किल्ली काकूंच्या हातात ठेवली. "मशीन विकून टाक. आता कोण बसणार त्याच्यावर?" काकू उठल्या. किल्ली घेऊन आत गेल्या. मी खुंटीवर लटकत होते, माझ्यावर धूळ बसत होती, आणि मला वाटलं, संपलं आपलं.

मग तपासणीचा दिवस आला. लेक म्हणाली, "बाबा, बाहेर गार वारा आहे, गळ्यात काहीतरी घ्या." मास्तरांनी मफलरसाठी खुंटीवर हात घातला आणि सवयीने मलाच गळ्यात टाकलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यात या आजाराच्या लोकांसाठी वेगळी खोली होती. तिथल्या सिस्टरनी आधी मास्तरांचं वजन केलं, पाय दाबून बघितले, मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "काका, एक सांगा. तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मास्तर कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हृदय बंद पडलंय. चार दिवसांचा पाहुणा आहे मी. ह्या दोघी रडतील म्हणून बोलत नाही, एवढंच."

काकूंनी तोंडाला रुमाल लावला. सिस्टर हसल्या नाहीत आणि घाबरल्याही नाहीत. "बंद पडलं असतं तर आपण बोलत नसतो, काका. ते चालतंय. पण दमलंय. रक्त ढकलायला त्याचा जोर कमी पडतोय. मग पाणी मागे साचतं. पायात, पोटात, छातीत."

मास्तरांनी हळूच मान वर केली. "म्हणजे पट्टा सैल झालाय."

"कसला पट्टा?"

"मशीनचा. पाय मारले तरी चाक हवं तसं फिरत नाही."

"तसंच समजा. या गोळ्या तो पट्टा सांभाळून धरतात. नव्यासारखं होईल असं मी सांगणार नाही, काका. काही दिवस चांगले जातील, काही वाईट. पण मला एक सांगा, पट्टा सैल झाला की मशीन भंगारात घालता का?"

"भंगारात? वेड लागलंय का कुणाला?" मास्तर पूर्वीसारखे एकदम कडाडले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

मग सिस्टरनी विचारलं की सूज कधीपासून आली, कपडे कधी घट्ट झाले. काकू म्हणाल्या, "घट्ट कुठले? कपडे तर शेवटपर्यंत छान बसत होते." मास्तरांचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्यांनी पॅन्टची मागची शिवण उलटी करून काकूंना दाखवली. उसवल्याच्या खुणा, पुन्हा उसवल्याच्या खुणा, आणि तो तिकोनी तुकडा. काकूंनी आयुष्यभर शिवण बघितलेली. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"एवढं सैल केलंत?" त्या म्हणाल्या. "आणि मला एक आकडा सांगितला नाहीत?"

"तुला काळजी वाटली असती."

"आणि आता काय वाटतंय असं वाटतं तुम्हाला?" काकू रडायला लागल्या. मास्तरही रडले. पण मित्रांनो, मी छातीवर होते म्हणून सांगते, त्या रडण्यानंतर त्यांचा श्वास जरा खोल गेला.

सिस्टरनी सांगितलं की रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, सूज वाढली, धाप वाढली की वाट बघायची नाही, सरळ फोन करायचा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि गळ्यात ही आहेच तुमच्या. घोट्याच्या जरा वर, रोज त्याच जागी." मास्तरांनी चमकून खाली बघितलं. मी पितळी टोपी जरा चमकवून घेतली.

लेकीने वजनकाटा आणला. जाडजूड, चपटा, दिवसभर पलंगाखाली झोपलेला. मला तो फारसा पसंत नाही, पण कामाचा आहे हे कबूल करायला हवं. सुरुवातीला मास्तर त्याच्यावर परीक्षेला बसल्यासारखे उभे राहायचे. आकडा कमी असला की चहा गोड लागायचा, जरा जास्त दिसला की दिवस वाया. मला घोट्याला लावायचे ते भिंतीकडे तोंड करून, आणि आकडा पुटपुटायचे तोंडातल्या तोंडात. काकू दारातून बघायच्या, पण विचारायच्या नाहीत.

पण पायांची सूज उतरत गेली. पॅन्ट सैल पडली, तेव्हा मास्तरांनी तो तिकोनी तुकडा काढून टाकला आणि ते म्हणाले, "अगं, किल्ली कुणाला दिलीस?" काकू आत गेल्या आणि पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली. पांढरीफटक! "गिऱ्हाईक मिळालं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी शोधलंच नव्हतं, हे मास्तरांना कळलं आणि मलाही.

दुकान उघडलं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. मशीन कधी मास्तर चालवायचे, कधी काकू. जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर एक खुर्ची आली. बँडवाले आले, दारातच त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी साऱ्या बँडच्या सदऱ्यांचं काम देऊन टाकलं. मास्तर इतके खुशीत आले की दोन-तीन दिवस समोरच्या दुकानातले खारे दाणे त्यांच्या खिशात होते. काकू खाली नसताना एक-एक तोंडात. मला सगळं दिसत होतं.

सदरे द्यायचे त्या सकाळी मास्तर काट्यावर उभे राहिले आणि पटकन उतरले. मला घोट्याला लावलं. साडेनऊवर असायची ती टोपी सव्वादहापाशी पोचली होती. मास्तर पलंगावर बसून राहिले. काळीज जोरात चाललं होतं. सांगितलं तर पुन्हा दवाखाना, पुन्हा ती खाट, पुन्हा दुकानाला कुलूप. खाली सदरे घड्या घालून तयार. फक्त आजचा दिवस, उद्या सांगू. त्यांचा हात लेंग्याच्या नाडीकडे गेला. गाठ सोडली, जरा सैल केली. तोच हात, तीच सवय. मी घोट्याभोवती जीव मुठीत धरून होते.

नाडी हातातच राहिली. मास्तरांनी डोळे मिटले आणि ते दुकानात ओरडायचे तसे ओरडले, "घोटा सव्वादहा!"

मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि काकूंचा कापरा पण खणखणीत आवाज.

"ऐकलं!"

त्या धावत आल्या. मास्तर म्हणाले, "आणि दाणे खाल्ले मी." काकू म्हणाल्या, "ते मला खिशातल्या सालपटांवरून कळलंच होतं. आज तेच विचारणार होते." लेकीने सिस्टरना फोन लावला. दुपारपर्यंत तपासणी झाली, गोळी वाढवली, आणि संध्याकाळी मास्तर घरी होते. खाट नाही, नळ्या नाहीत. वेळेवर आलात, एवढंच सिस्टर म्हणाल्या. सदरे दोन दिवस उशिरा गेले. बँडवाले म्हणाले, "असू दे. आमचं वाजवणं ऐकून कुणी सदऱ्याकडे बघतच नाही."

आता माझी लांबी 'होती' का म्हणाले, ते सांगते. पुढच्या तपासणीला मास्तर बाकावर बसले होते. शेजारी एक बसचालक होते. ते छाती चोळत सगळ्यांना सांगत होते की आपल्याला फक्त गॅसेस आहेत. त्यांच्या पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. धाप लागते हे त्या मुलाला सांगत नव्हत्या, कारण तो त्यांना स्वतःचं घर सोडायला लावेल. आणि एक तान्ह्या बाळाची आई होती. बाळाला कडेवर घेतलं तर आपलं काळीज थांबेल, या भीतीने ती बाळ सोबत आलेल्या सासूकडेच ठेवत होती. मास्तरांनी तिघांचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरी काटा आहे?" तिघांकडेही नव्हता. आणायचं चाललं होतं, पण आणला नव्हता.

मास्तरांनी सिस्टरकडे कात्री मागितली.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी मनातून किंचाळले. इतकी वर्षं अचूक राहिले, त्याचं हे फळ? पंधरावर एकदा, तिसावर एकदा, पंचेचाळीसवर एकदा. तीनदा कचकच, आणि माझे चार तुकडे. सिस्टर म्हणाल्या, "काटा आणायचाच हं. तोवर हे." मग त्यांनी बाळाच्या आईला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा सासूकडून बाळ मागून घेऊनच बसली.

बसचालक आपला तुकडा उलटसुलट करून बघत होते. "मास्तर, हा सोळापासून सुरू होतो. चुकीचं दाखवणार की हो!"

"असू दे. काल टोक जिथे पोचलं होतं, आज तिथेच पोचतंय का, एवढंच बघायचं. पुढे सरकलं तर सैल करून चालायचं नाही. घरात ओरडून सांगायचं."

"आणि घरचे घाबरले तर?"

"घाबरतील थोडे. तुम्ही एकटे घाबरण्यापेक्षा बरं."

बसचालकांनी तुकडा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "गॅसेस नाहीत म्हणता?"

"ते सिस्टरना विचारा," मास्तर म्हणाले. बसचालक उठले आणि विचारायला गेले.

तर अशी मी आता पंधरा इंचांची आहे. दुकानात मास्तरांच्या गळ्यात नवी टेप असते, रंगाचा वास अजून न गेलेली. मी असते सदऱ्याच्या डाव्या खिशात. धकधक पूर्वीसारखी नाही, मध्येच अडखळते, पण चालते. माझे बाकीचे तीन तुकडे कुठे-कुठे, कुणाकुणाच्या घोट्याला रोज बिलगतात. शाळेच्या बाईंचा मुलगा आता रोज सकाळी फोनवर आकडा विचारतो, आणि बाई आपल्याच घरात आहेत. सुतासुताचा अभिमान बाळगणाऱ्या मला आता सोळापासून सुरू होणाऱ्या तुकड्याचंही कौतुक वाटतं.

मित्रांनो, टेप गुंडाळून नीट ठेवा, खिळ्याला घासू देऊ नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी जिन्यात थांबत असेल, कुणाची चप्पल एकाएकी घट्ट होत असेल, कुणी 'बरंय' म्हणून भिंतीकडे वळत असेल, तर जवळ बसा आणि सिस्टरनी विचारलं तसं विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.

आज सकाळीच मास्तरांनी मला घोट्याला लावलं. भिंतीकडे तोंड न करता, दाराकडे करून.

"साडेनऊ!"

स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजावर चढलेला आवाज आला.

"ऐकलं हो, ऐकलं! या आता चहाला."